ॲप स्टोअर १५ ते ३० टक्के कापतं, वर अटी घालतं. ही मक्तेदारी की सेवेचा मोबदला?

तुम्ही शिकवणीचं ॲप काढताय आणि विचारताय की स्टोअरचं कमिशन आणि पेमेंटच्या अटी स्पर्धेला मारक आहेत का, की तो सेवेचा रास्त दाम आहे. कमिशन किती असावं यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पैसे आमच्याच पद्धतीने घ्या, बाहेर भरता येतात हे ॲपमध्ये सांगू नका, या अटींबद्दल मात्र माझ्या मनात काडीची शंका नाही. त्या स्पर्धा मारण्यासाठीच आहेत.

आमचा सोलापुरात पोलीस भरतीचा क्लास आहे. पहाटे पोरं होम मैदानावर पळतात, दुपारी अभ्यासिकेत बसतात. पण करमाळा, मंगळवेढा, सांगोल्याच्या पोरांना रोज येणं जमत नाही, एसटीच्या भाड्यातच घरचं गणित बिघडतं. त्यांच्यासाठी सराव पेपरचं ॲप काढलं. प्रश्न आमचे, स्पष्टीकरणं मराठीत, महिन्याची फी ९९ रुपये. या पोरांकडं क्रेडिट कार्ड कुठलं? कुणी बापाच्या फोनवरून यूपीआय करायचा, कुणाचा चुलता कांदा घेऊन मार्केट यार्डात आला की जाता जाता क्लासमध्ये रोख देऊन जायचा. पैसे आले की आम्ही त्या पोराच्या नंबरवर पेपर उघडून द्यायचो. म्हणून ॲपच्या माहितीत एक ओळ होती: 'फी क्लासमध्ये रोखही भरता येईल.'

त्या एका ओळीवरून आमचं ॲप स्टोअरवरून हटवलं. कुठल्या स्टोअरने ते इथं लिहीत नाही. लेखी परीक्षा तोंडावर होती. इंग्रजीत मेल आला, त्यात धोरणाची लिंक, आणि नेमकं काय खटकलं त्याचा पत्ता नाही. अपील केलं, तर तोच मजकूर परत आला. फोन करावा तर नंबर नाही, भेटावं तर ऑफिस नाही. जुन्या पोरांच्या फोनमध्ये ॲप चालू होतं, पण नव्या पोराने शोधलं तर सापडेना. मग सुरू झालं, 'क्लासवाले पैसे घेऊन पळाले का ओ?' सोलापुरात क्लास जाहिरातीवर चालत नाही, नावावर चालतो. माझे वडील गिरणी कामगार होते. गिरणी बंद पडल्यावरही त्यांनी कुणाचा रुपया बुडवला नाही. त्यांच्या मुलाबद्दल गावात असं बोललं गेलं, ते मी विसरलेलो नाही. शेवटी आमच्याच विद्यार्थ्याने ती ओळ काढून बघितली आणि ॲप परत आलं. तोवर लेखी होऊन गेली होती.

माझा थोरला भाऊ हिंजवडीत आयटीत आहे. दिवाळीला आला तेव्हा आईसमोर म्हणाला, "त्यांचं दुकान, त्यांचे नियम. पटत नसेल तर बाहेर विक." तुमच्या प्रश्नाखालच्या दोन उत्तरांतही हेच लिहिलंय, म्हणून एवढं लिहायला बसलो.

बाहेर म्हणजे कुठं? आपल्याकडं शंभरातले पंचाण्णवच्या आसपास फोन अँड्रॉइडचे. आयफोनवर तर भारतात दुसऱ्या स्टोअरला जागाच नाही. युरोपात मार्च २०२४ पासून ॲपलला ती द्यावी लागली, तीही कायद्याने भाग पाडल्यावर. अँड्रॉइडवर ॲपची फाइल थेट देता येते, आम्ही व्हॉट्सॲपवर दिली. फोनने धोक्याचा इशारा दाखवला, आणि पोराच्या बापाने 'व्हायरस हाय त्यात' म्हणून ती पुसून टाकली. फोनपेचं इंडस ॲपस्टोअर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, तिथं बाहेरच्या पेमेंटवर कमिशन नाही. पण ते प्ले स्टोअरवर मिळत नाही, बहुतेक फोनवर त्याच्या साइटवरून डाउनलोड करावं लागतं, म्हणजे पुन्हा तोच इशारा.

आमच्या मार्केट यार्डातला आडत्या आडत, म्हणजे विक्रीवरची दलाली, घेतो. ती कुणाकडून घ्यायची यावर भांडणं झाली, आणि २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं सरकारने ठरवलं. पण आडत्या कितीही चेंगट असो, शेतकऱ्याने घरापुढं पाटी मांडून विकलेल्या कांद्यावर तो आडत मागत नाही. 'घरापुढंही विकतो' असं सांगितलं म्हणून गाळ्यातून हाकलत तर मुळीच नाही. दादा, तू लहानपणी वडिलांबरोबर यार्डात आलेला आहेस, तुला हे माहीत आहे.

आणि तो सेवेचा दाम असेल तर सगळ्यांना सारखा हवा. सोलापुरी चादरी ॲपवरून विकणाऱ्याला कमिशन शून्य, कारण वस्तू हातात येते. टॅक्सीला शून्य, जेवण पोचवणाऱ्याला शून्य. आम्ही प्रश्नपत्रिका विकतो, म्हणून आम्हाला १५ टक्के. स्टोअरचा सर्व्हर तर दोघांसाठी सारखाच चालतो ना?

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्लेच्या पेमेंट धोरणासाठी गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. गूगलचं स्वतःचं यूट्यूब प्लेची पेमेंट पद्धत वापरत नाही आणि इतरांवर मात्र सक्ती आहे, हेही आयोगाने नोंदवलं. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड २१६.६९ कोटींवर आणला, काही निष्कर्षही रद्द केले, पण वर्चस्वाचा गैरवापर झाला हे कायम ठेवलं. प्रकरण पुढं सुप्रीम कोर्टात गेलं. अमेरिकेत ॲपलने बाहेरच्या लिंकवरून झालेल्या खरेदीवरही २७ टक्के लावले होते. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी तो आपल्या आदेशाचा अवमान ठरवला. १ मार्च २०२४ ला गूगलने फीच्या वादावरून नोकरी, शादी अशी मोठमोठी ॲप स्टोअरवरून हटवली, तेव्हा केंद्रीय मंत्र्यांनी बैठक बोलावली आणि काही दिवसांत ती परत आली. करमाळ्याच्या पोराच्या सराव पेपरसाठी बैठक कोण बोलावणार?

दुसरी बाजूही आहे, तीही सांगतो. स्टोअर नसतं तर सांगोल्याच्या पोराला आमचं नाव कळलं नसतं. फुकट ॲपवर कमिशन लागत नाही. खोटी ॲप गाळण्याचं कामही होतं, आणि बँक खातं रिकामं करणाऱ्या ॲपचे किस्से ऐकले की ते काम लागतं हे पटतं. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्याला दोन्हीकडं १५ टक्केच आहेत (त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते), ३० टक्क्यांची भीती तुम्हाला आत्ताच नको. आणि अमेरिकेतल्या कोर्टाने २०२१ मध्ये ॲपलला मक्तेदार ठरवायला नकार दिला होता, हेही खरं.

ॲप काढाच. पण आधी स्वतःची वेबसाइट करा, फी तिथं घ्या, विद्यार्थ्यांचे नंबर त्यांच्या संमतीने स्वतःच्या वहीत ठेवा. ॲपच्या आत किंवा माहितीत रोख, क्यूआर, नंबर यातलं काही लिहायच्या आधी त्या त्या स्टोअरचं त्या महिन्याचं धोरण वाचा, ते बदलत असतं. परीक्षेच्या तोंडावर ॲपमध्ये काहीही बदलू नका.

गूगलवर दुसरी पेमेंट पद्धत जोडली की कमिशन चार टक्क्यांनी कमी होतं, १५ चे ११. दादाचं म्हणणं, हा पर्याय आला म्हणजे तुझी तक्रार संपली. कशी संपली? यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही हा नियम जानेवारी २०२० पासून आहे. पैसे यूपीआयने आले, पेमेंट गेटवेचा खर्च मी केला, पावती मी दिली, पोराचा फोन आला तर उत्तर मी देणार. ९९ रुपयांतले ते जवळपास अकरा रुपये कशाचे, तेवढं दादाने सांगावं.