जुना फिल्म एसएलआर कॅमेरा सेकंडहँड घ्यावा का? भरवसा किती धरावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट दहा हजार, ऑनलाइन जाहिरातीत नऊ हजारांना पेंटॅक्स के-१००० (एसएलआर, म्हणजे लेन्समधलं दृश्य आरशाने डोळ्याला दाखवणारा कॅमेरा) दिसतोय, खाली ‘कपाटात जपून ठेवलेला, फारसा न वापरलेला’ असं लिहिलंय, आणि पस्तीस-चाळीस वर्षांच्या यंत्रात पैसे घालावेत का, ही धाकधूक.

घाला. पण ‘फारसा न वापरलेला’ या शब्दांना भुलू नका. माझा अनुभव याच्या बरोबर उलटा आहे.

माझे मामा चिपळूणला स्टुडिओ चालवायचे. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, रेशनकार्डाचे फोटो, सगळं. त्यांच्याकडे हाच के-१००० होता. लग्नसराईत एकेका दिवशी पाच-सहा रोल त्यातून जायचे. पावसाळ्यात काम थंडावलं की दर दोन-तीन वर्षांनी ते तो मुंबईला बोरा बाजारात नेऊन साफसफाई आणि ऑइलिंग करून आणायचे. त्याचे कोपरे झिजलेत, पट्टा तीनदा बदललाय, वरच्या बाजूला पडल्याचा पोचा आहे. आज तो माझ्याकडे आहे आणि मागच्या महिन्यात त्यावर ३६ फोटो काढले, सगळे नीट आले.

याउलट २०१६ मध्ये मी हौसेने दुसरा एक घेतला. खोक्यासकट, पट्ट्याची घडीसुद्धा न मोडलेला, इलेक्ट्रॉनिक शटरचा (शटर म्हणजे फिल्मवर ठरावीक वेळ उजेड पडू देणारा पडदा). तिसऱ्या रोलला आरसा वर गेला तो खाली आलाच नाही. दोन कारागिरांनी उघडून पाहिला आणि दोघांनीही तेच सांगितलं: आतली सर्किटची पट्टी गेली आहे आणि तिचा सुटा भाग मिळत नाही. सात हजार गेले. पैशांपेक्षा त्या रोलवर आजीचे फोटो होते, त्याचं वाईट वाटलं.

कारण साधं आहे. आतलं वंगण वर्षानुवर्षं न हलता पडलं की घट्ट होतं, दातेरी चाकं जड चालतात. फोम कुजतो. सेल आत विसरलेला असेल तर तो फुटून हिरवट-पांढरी पूड साचते आणि तारेपर्यंत पोचते. बंद कपाटात लेन्सला बुरशी धरते. कामातल्या कॅमेऱ्याची झीज होते खरी, पण ती डोळ्यांना दिसते. कपाटातल्याचं दुखणं आत असतं.

म्हणून मॉडेल ठरवताना मी आधी एकच गोष्ट बघतो: बिघडला तर आपल्याकडचा माणूस तो उघडून दुरुस्त करू शकेल का? के-१००० १९७६ ते १९९७ असा एकवीस वर्षं बनत राहिला आणि त्याचं शटर पूर्ण यांत्रिक आहे. सेल फक्त लाईट मीटरसाठी, म्हणजे उजेड मोजायला लागतो, सेल नसला तरी सगळे स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) चालतात. निकॉनचे एफएम आणि एफएम-२ असेच. एफएम-२ तर एका सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत जातो, पण त्याची किंमत तुमच्या बजेटबाहेर जाईल. याशिकाचा एफएक्स-३ स्वस्तात मिळतो. त्याचं वरचं काळं आवरण पापुद्र्यांसारखं सुटतं, त्याची काळजी करू नका, ते फक्त दिसायला वाईट. कॅनन एई-१ सुंदर कॅमेरा आहे, पण सेल संपला की त्याचं शटरच चालत नाही. शटर दाबल्यावर खोकल्यासारखा चिरका आवाज आला तर आरशाच्या यंत्रणेतलं वंगण सुकलंय असं समजा. ते दुरुस्त होतं. मिनोल्टा एक्स-७०० मधले कपॅसिटर (सर्किटमधले वीज साठवणारे छोटे भाग) जातात, तेही बदलता येतात, फक्त बदलणारा माणूस हाताशी हवा. पहिलाच कॅमेरा असेल तर मी यांत्रिकच घ्या म्हणेन.

आता तुमच्या के-१००० कडे येऊ. विकणारा भेटणार असेल तर रविवारी सकाळी भेटा. खिडकीजवळ बसा, घाई करू नका.

रिवाइंडची कळ वर ओढली की मागचं झाकण उघडतं. आत रोल नाही याची आधी खात्री करा. झाकणाच्या खाचेत काळा फोम असतो. त्यावर बोटाचं टोक हलकेच टेकवा. बोटाला डांबरासारखं काळं चिकटलं तर तो गेलाय, त्यातून उजेड शिरून फोटोवर लालसर-पिवळे पट्टे येतील. यासाठी कॅमेरा नाकारू नका. तो खरवडून, स्पिरिटने पुसून नवा फोम लावणं एका दुपारचं काम आहे, मी काळ्या लोकरीच्या धाग्यानेही केलंय. पण आरसा वर जाऊन जिथे आपटतो तिथेही तसाच फोम असतो. त्याचे तुकडे आरशावर पडले असतील तर ते कापडाने पुसायला जाऊ नका. आरशाचा मुलामा बाहेरच्या बाजूला असतो, एका पुसण्यात कायमचा ओरखडा पडतो.

खरी परीक्षा शटरची. पडदा रबराचा लेप दिलेल्या काळ्या कापडाचा असतो. आधी तो नीट पाहा: सुरकुती नको, आणि सुईच्या टोकाएवढंही भोक नको. मग स्पीड एक सेकंदावर ठेवा, लिव्हर ओढा, बटण दाबा आणि कान द्या. चांगल्या शटरचा आवाज ‘खट्’, मग एकसारखी बारीक घरघर, मग ‘खट्’ असा येतो. घरघर मध्येच रेंगाळली, थांबून पुन्हा सुरू झाली, किंवा पडदा उघडाच राहिला तर वंगण सुकलंय. अर्धा, पाव, अष्टमांश असं करत प्रत्येक स्पीडला ऐका, प्रत्येक वेळी आवाजाची लांबी साधारण निम्मी व्हायला हवी. हे कानाला दहा मिनिटांत समजतं, त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही.

शेवटचा स्पीड, म्हणजे हजार (सेकंदाचा हजारावा भाग), डोळ्याने तपासायचा. लेन्स काढा, झाकण उघडं ठेवा, कॅमेरा आभाळाकडे धरून मागून बघत बटण दाबा. पूर्ण चौकट क्षणभर एकसारखी उजळली पाहिजे. या स्पीडला दोन पडदे एकामागून एक धावतात आणि त्यांच्यातल्या अरुंद फटीतून उजेड जातो. पहिला पडदा सुस्त झाला की दुसरा त्याला गाठतो, फट मिटते आणि फोटोची एक बाजू काळी येते. दहा-बारा वेळा दाबून पाहा, कारण हा दोष कधी दिसतो, कधी नाही. फक्त हजारच बिघडला असेल आणि बाकीचे ठीक असतील तर कॅमेरा वापरण्याजोगा आहे, पण किंमत उतरवून मागा.

मीटरसाठी नवा एलआर-४४ सेल सोबत न्या. के-१००० ला मीटरचं वेगळं बटण नाही, लेन्सला टोपी लावली की अंधारात काटा शांत होतो. आतला काटा उजेडाप्रमाणे हलतोय का ते बघा आणि मोबाइलच्या मीटर अ‍ॅपशी ताडून पाहा. एखाद्या स्टॉपचा (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याएवढा) फरक कलर निगेटिव्ह सहज पोटात घेतं. मीटर मेलेलं असलं तरी लख्ख उन्हात एफ-१६ (लेन्सचं भोक किती उघडं ते सांगणारा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान भोक) आणि आयएसओएवढा (फिल्म उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) स्पीड हा जुना हिशोब चालतो, २०० च्या रोलला २५०.

व्ह्यूफाइंडरमधली (डोळा लावून बघायच्या खिडकीतली) धूळ बघून लोक बिचकतात. ती फोटोत येत नाही. लेन्सचं मात्र तसं नाही. लेन्स पूर्ण उघडी करून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. बुरशी असेल तर बारीक मुळांसारख्या किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतील. कडेला थोडी असेल तर फोटोत फरक कळत नाही. मधोमध पसरलेली असेल, उजेडासमोर सगळं धुरकट दिसत असेल, तर ती लेन्स नको. कोकण आणि मुंबईच्या कॅमेऱ्यांत हे फार आढळतं. अ‍ॅपर्चरची पाती (लेन्सचं भोक लहान-मोठं करणारी) कोरडी आणि चपळ हवीत, त्यांवर तेलाचा ओघळ नको. आणि घरी आणल्यावर चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. मामा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायचे, मीही तेच करतो.

विकणारा परगावी असेल तर त्याच्याकडून हाच सगळा व्हिडिओ मागवा: झाकण उघडं, सगळे स्पीड, आवाजासकट. ‘चालू कंडिशन’ एवढंच लिहून जो व्हिडिओ द्यायला टाळाटाळ करतो त्याचा नाद सोडा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घेणार असाल तर कॅमेरा दुरुस्तीला टाकायचाच आहे हे धरून भाव करा. बोरा बाजाराच्या बाजूला दुकानदार थोडे जास्त घेतील, पण तिथे दाखवून, वाजवून घेता येतो. कुठूनही घेतलात तरी दोन-अडीच हजार सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवा. दहा हजारांचं बजेट म्हणजे कॅमेऱ्याला साडेसात.

घेतल्यावर पहिला रोल हौसेच्या फोटोंवर घालवू नका. रोल, धुणं आणि स्कॅन मिळून हजाराच्या वर जातात हे मला माहीत आहे, तरीही. लख्ख उन्हात एकाच भिंतीचे चार फोटो काढा: हजारला एफ-८, पाचशेला एफ-११, अडीचशेला एफ-१६, सव्वाशेला एफ-२२. चारही वेळा फिल्मवर उजेड तेवढाच पडतो, त्यामुळे चारही निगेटिव्ह सारख्या दाट दिसायला हव्यात. यासाठी स्कॅन बघू नका, लॅबवाले स्कॅन करताना उजेड सारखा करून देतात. निगेटिव्ह परत मागून घ्या आणि खिडकीशी धरून बघा.

तुमच्या नऊ हजारांच्या जाहिरातीबद्दल: त्याला आधी विचारा की शेवटचा रोल कधी घातला होता आणि सेल आत आहे का. मग एक सेकंदाच्या स्पीडचा आवाज रेकॉर्ड करून मागवा. मिळाला की मला पाठवा, ऐकून सांगतो.