संशोधनासाठी आरोग्याचा विषय कसा निवडावा? गाईड डायबेटीस म्हणतात, मला सिकलसेल घ्यायचंय

प्रश्न: मी धुळ्यात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) दोन महिन्यांच्या विद्यार्थी संशोधनासाठी विषय शोधतोय. गाईड म्हणतात डायबेटीसचं केएपी (लोकांची माहिती, दृष्टिकोन आणि सवयी यांची पाहणी) कर. मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्यायचाय. कसं ठरवू?

उत्तर:

‘डायबेटीसचं केएपी’ एवढं वाचलं आणि ओपीडी संपल्यावर घरी जायचं सोडून लिहायला बसले.

मीही ते केलंय. कॉलेजातल्या शिपाई-क्लार्क लोकांना मधुमेहाची किती माहिती आहे, हा विषय. निष्कर्ष असा की माहिती कमी आहे, जनजागृती हवी. हे मी प्रोटोकॉल लिहितानाच लिहून टाकलं असतं. फॉर्म भरताना एक शिपाईकाका म्हणाले, “मॅडम, त्यापेक्षा मला शुगर आहे का ते बघा ना.” तेवढं बघायची सोय माझ्या अभ्यासात नव्हती.

मला करायचं होतं मिरचीवर. मी नंदुरबारची. दसरा झाला की ओली लाल मिरची बाजार समितीतून गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर येते, उन्हात वाळते, मग बायका बसून देठ खुडतात. मजुरी किलोवर. माझी मामी वर्षानुवर्षं त्या कामाला जायची. ती संध्याकाळी दारात आली की आत आम्हाला शिंका सुरू.

तेव्हा विषय नेला तो असा: पथारीवरच्या महिला कामगारांच्या फुप्फुसांची कार्यक्षमता. सर म्हणाले, “लिटरेचर किती सापडलं?” मी म्हटलं, थोडंच आहे. “मग हा विषयच नाही.” मी दारापर्यंत पोचले तेवढ्यात मागून, “मिरची झोंबते हे कुठल्याही आजीबाईला माहीत आहे. त्यात संशोधन काय?” खोलीतले दोन पीजी हसले. त्यातला एक आता आमच्याच भागात आहे, भेटला तर मी अजून धड बोलत नाही.

इंटर्नशिपमध्ये पुन्हा उचल खाल्ली. फुप्फुसांची ताकद मोजायचं यंत्र, स्पायरोमीटर, कोणी देईना, म्हणून खोकल्यावरचे तेवीस प्रश्न छापून मामीच्या मागे मागे पथारीवर गेले. तिसऱ्याच बाईने मला थांबवलं. “काय खोकला खोकला करी ऱ्हायनी बहीन? खोकलानी सवय व्हई जास. हात जयतस त्यानं इचार ना.” (हात जळतात त्याचं विचार ना.)

हात माझ्या कागदावर कुठेच नव्हते.

दिवसभर देठ खुडल्यावर रात्री हात पेटतात. पाण्यात बुडवून ठेवले तरी जळजळ जात नाही, कारण मिरचीतलं झोंबणारं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. फार्माकॉलॉजीत हे वाचलं होतं, पण घरी रोज एक बाई बादलीत हात घालून बसते याच्याशी ते मी कधी जोडलं नव्हतं. एकजण बाळाला मनगटांवर उचलायची, बोटं वर करून. दुसरीचं बाळ सासू छातीशी लावून द्यायची, पाजून झालं की काढून घ्यायची. आणि मला आठवलं, हंगामात मामी माझी वेणी घालायची नाही, आईकडे ढकलायची. मला वाटायचं, आपण तिला आवडत नाही.

मग तेवीस प्रश्न फाडले आणि सहा उरवले: किती तास काम, जळजळ कधी सुरू होते, किती वेळ टिकते, हातांना काय लावता, हातमोजे मिळतात का, रात्री लेकरू कोण बघतं. किती बायकांना विचारायचं? किती जणींना त्रास असतो याचं प्रमाण कुठेच मिळेना, म्हणून ते (पी) ५० टक्के धरलं, चालेल इतकी चूक (एल) १० टक्के, नमुना काढायचं सूत्र ४पीक्यू भागिले एलचा वर्ग (क्यू म्हणजे १०० वजा पी), झाल्या १०० बायका. इंटर्नला झेपेल एवढंच.

एक गोष्ट मला एथिक्स कमिटीने शिकवली. व्यापाऱ्याने हो म्हटलं म्हणजे बाईने हो म्हटलं असं होत नाही. मुकादम शेजारी उभा असेल तर कोणालाच काही त्रास नसायचा. मग संध्याकाळी वस्तीत जाऊन, अहिराणीत वाचून दाखवून, अंगठा आणि साक्षीदार घेऊन विचारलं, तर तीच बाई हात उघडून दाखवायची.

आता त्या आजीबाईचं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यातले डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये कॅप्सायसिनच वापरून उष्णतेची जाणीव करून देणारा रिसेप्टर (संवेदना टिपणारं प्रथिन) शोधला होता. मिरची झोंबते म्हणजे नेमकं काय होतं, एवढ्याच प्रश्नातून. बातमी मी सरांना व्हॉट्सॲपवर पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या, पुढे काही नाही. (नोबेल त्या रिसेप्टरच्या शोधाला होतं, माझ्या शंभर बायकांना नव्हतं, हे मलाही कळतं. तरी पाठवली.)

तुझं सिकलसेल. घे, पण ‘सिकलसेलविषयी जागरूकता’ असलं काही घेऊ नकोस, ते पुन्हा डायबेटीसच झालं. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, हे आता शाळेच्या भिंतींवरही लिहिलेलं सापडेल. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत आजाराच्या निर्मूलनाचं उद्दिष्ट आहे, तपासण्या होतायत, तपासणीच्या निकालाची कार्डं वाटली जातायत. कार्ड मिळाल्यावर त्या घरात काय होतं ते विचार. ते पत्र्याच्या पेटीत जातं की सोयरीक जुळवताना बाहेर निघतं? आणि धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत गेली की सिकलसेलचा त्रास कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी त्यांना कोण देतं, किती दिवस खंड पडतो? एका तालुक्यापुरतं हे दोन महिन्यांत होईल. फक्त आधी कागद न काढता दोन-चार घरी जाऊन बस. तुझा पहिला प्रश्न ते चुकीचा ठरवतील, तसं झालं नाही तर अजून दोन घरं फिर.

सरांनी तेव्हा नाही म्हटलं ते मात्र एका अर्थी बरंच झालं, आणि ते मला तेव्हा कळलं नाही. दोन महिन्यांची मंजुरी उन्हाळ्यात आली असती तर पथारी रिकामी असती. तू ऊसतोडीचा विषय घेतलास तर माणसं घरी कधी असतात ते आधी बघ. आणि माझा अभ्यास कुठे छापून आलेला नाही, एका परिषदेत पोस्टर लागलं एवढंच. गाईडची सहीही शेवटी तुलाच आणायची आहे, तेव्हा माझ्यासारखं दारातून उलटं बोलून येऊ नकोस.

पथारी बघायची असेल तर दसऱ्यानंतर दोंडाईचामार्गे ये. रुमाल आण, आणि परतीच्या एसटीत डोळ्यांना हात लावू नकोस.