ब्रेकचं बिल : चौदाशे की नऊ हजार?

प्रश्न : दादा, माझी 2017 ची वॅगन-आर आहे, 46 हजार किलोमीटर झालेत. नोकरी चिपळूणला, आई कराडला, त्यामुळे दर शनिवारी कुंभार्ली घाट ठरलेला. महिनाभर झाला, ब्रेक दाबला की पुढून चुंईऽ असा बारीक आवाज येतो. सर्व्हिस सेंटरने 9,200 रुपयांचं एस्टिमेट दिलं : पुढचे पॅड 1,900, दोन्ही डिस्क 4,200, मागचे लायनर 1,300, ब्रेक ऑइल 350 आणि बाकी मजुरी. घराजवळचा मेकॅनिक म्हणतो, नुसते पॅड टाकू, मजुरी धरून चौदाशे. मला फसवतंय कोण?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, आधी मला सांगा, एस्टिमेट देताना कुणी चाक काढलं होतं का? काढलं नसेल, तर तो आकडा नुसत्या किलोमीटरवरून टाकलेला आहे. चाक उतरवून पॅड तुमच्या हातात दिल्याशिवाय ब्रेकचं एस्टिमेट होतच नाही.

तुम्ही आवाज नीट ऐकून लिहिलात, त्यामुळे माझं अर्धं काम झालं. पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या. बहुतेक पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि बारीक चुंई सुरू होते. म्हणजे पॅड संपत आलाय, संपलेला नाही. पुरता संपला की आवाज बदलतो, खर्रर्र असा जाड येतो, लोखंडावर लोखंड. माझ्या गॅरेजला एक गाडी अशी आली होती. मालकाने दोन महिने गाण्याचा आवाज वाढवून दिवस काढले होते. पॅडची नुसती पाठ उरली होती आणि डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चर. दोन हजारांत झालं असतं ते काम त्यांना साडेसहा हजारांना पडलं. मला त्या पैशांपेक्षा मागच्या सीटवरची शाळेची दप्तरं बघून जास्त वाईट वाटलं.

तुमच्या डिस्क बहुधा शाबूत असतील. स्वतः बघा : चाक काढल्यावर डिस्क गार होऊ द्या, मग नख मधून कडेकडे ओढा. नख अडकत नसेल, ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत नसेल आणि जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा बरी जास्त असेल, तर 4,200 चा खर्च नको म्हणून सांगा.

मागच्या लायनरचंही तसंच. तुमच्या गाडीच्या मागच्या चाकांत डिस्कऐवजी ड्रम असतो, त्याला आतून घासणारं अस्तर म्हणजे लायनर. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढचे पॅड आधी जातात. मागचे लायनर पुष्कळ टिकतात. ड्रम उघडून, साफ करून बघायला सांगा. जाडी असेल तर तेच परत बसवायचे.

ब्रेक ऑइलला मात्र नाही म्हणू नका. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि चिपळूणच्या पावसात राहणाऱ्या माणसाला ओलावा मी काय सांगू! घाट उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांत बदललं नसेल तर 350 रुपये द्याच.

आता तुमचा मेकॅनिक. पॅडचं खोकं बघा. ओरिजिनल किंवा नावाजलेल्या कंपनीचा चार पॅडचा सेट आमच्याकडे साधारण 1,200 ते 2,000 ला पडतो, मजुरी चारशेच्या आसपास. मजुरीसकट चौदाशे म्हणजे पॅड हजाराचा. कंपनी माहितीतली असेल तर हरकत नाही. खोक्यावर नावच नसेल तर घाटासाठी मी तो घालणार नाही. पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे. कॅलिपर म्हणजे पॅड धरून दाबणारी पकड, तिच्या पिना काढून, पुसून ग्रीस लावायला सांगा. पिन अडकली की एकच पॅड झिजतो आणि पुढच्या वर्षी तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. नवे पॅड बसवायला कॅलिपरमधला पिस्टन मागे दाबावा लागतो, त्याने टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं. ते सांडू नये म्हणून टाकीच्या झाकणाकडे लक्ष हवं.

काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल दहा-बारा वेळा दाबून ते घट्ट लागतंय ना, हे बघा. सुरुवातीला पोरगा असताना मी हे एकदा विसरलो. पहिला ब्रेक रिकामा गेला, गाडी गॅरेजच्या भिंतीला टेकली. त्या दिवसापासून चावी हातात देण्याआधी पेडल मी स्वतः दाबतो.

माझ्या हिशेबाने तुमचं काम पॅड, ऑइल, ग्रीसिंग आणि मजुरी धरून अडीच ते तीन हजारांत व्हावं. गावागणिक शे-दोनशे इकडेतिकडे. जुने पॅड मागून घ्या, दोन्ही बाजूंचे शेजारी ठेवून झीज सारखी आहे का बघा.

नवे पॅड बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तोवर करकचून ब्रेक नको आणि घाट उतरताना दुसरा गिअर सोडू नका. हे काम शनिवारच्या आत झालं नाही, तर या खेपेला आईकडे एसटीने जा.