तांब्याखालचं लोखंड का गंजतं?

प्रश्न : तांबट आळीतला मठारकाम केलेला तांब्याचा पत्रा मी वेलीसारख्या वळवलेल्या लोखंडी पायांवर बसवून बागेसाठी टेबल केलं. एका पावसाळ्यात पत्र्याखालचं लोखंड गंजलं, तांबं मात्र ठणठणीत. असं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तांबं आणि लोखंड टेकलेलं असताना मध्ये पाणी शिरलं की तिथे विद्युतघट तयार होतो आणि झिजतं ते लोखंड. नुसता रंग मारून भागणार नाही. पत्रा उतरवा. स्क्रूची भोकं 2 मिमीने मोठी करा, म्हणजे स्क्रूभोवती नायलॉनची छोटी नळी (बुश) मावेल. गंज 80 नंबरच्या पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. वेल्डिंगवरचा स्लॅग (थिजलेली काळी खपली) छिन्नीने काढाच, रंग बहुधा तिथूनच सुटतो. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, दोन हात, भोकांच्या आतूनही. वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पत्र्याखाली सलग 2 मिमी नायलॉनची पट्टी घाला. रबर नको, त्यातल्या गंधकाने तांबं काळवंडतं. स्क्रू पितळी, प्रत्येकाला नायलॉनचं बुश आणि वॉशर. पाय पोकळ पाइपचे असतील तर रंगाआधी तळाशी 6 मिमीचं भोक पाडा, आत शिरलेलं पाणी निघून जाईल.

तांब्यावर पुढे हिरवट छटा येईल, ती चिंचेने घासू नका. मठारलेल्या खळग्यांत ती फार देखणी दिसते, आणि चिंचेचं आंबट पाणी सांध्यात उतरलं तर गंज पुन्हा सुरू होतो.