पांघरूण बाजूला करून बघ

प्रिय,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. दिवसभरात दुसऱ्या वॉर्डांतून आपल्या त्वचारोग विभागाला ११ कॉल, त्यातल्या नऊ जणांना खाजेवरचं कॅलामाइन आणि सेट्रिझिन, आणि शेवटी, "मॅडम, हे तर कुणीही लिहील. यात मी शिकतेय काय?" त्याच मेसेजमध्ये जाता जाता एक ओळ होती. न्यूरोसर्जरीत मोटारसायकलवरून पडलेला मुलगा, तीन आठवड्यांपासून फिटसाठीचं फेनिटॉइन चालू, अंगभर पुरळ, ताप, तोंड सुजल्यासारखं. ती ओळ वाचली, चहा तसाच ठेवला आणि तुला फोन लावला. तेव्हा घाईत सांगितलं, आता नीट लिहिते.

ती साधी ॲलर्जी नसावी. औषधाचं नेहमीचं पुरळ गोळी सुरू झाल्यापासून ४ ते १४ दिवसांत उठतं आणि माणूस तसा बरा दिसतो. २ ते ८ आठवड्यांनी, ताप आणि चेहऱ्यावरची सूज घेऊन पुरळ आलं, तर मनात 'ड्रेस' आला पाहिजे, म्हणजे कातडीबरोबर यकृत-किडनीसारख्या आतल्या अवयवांनाही धरणारी औषधाची गंभीर प्रतिक्रिया. मानेत, काखेत, जांघेत गाठी चाचपून बघ. आजच्या आज रक्तातल्या इओसिनोफिल पेशी, लिव्हर, किडनी, लघवी पाठव, ईसीजी काढून घे. अंगावरचं पुरळ उतरायला लागतं आणि यकृत त्यानंतर बिघडतं, असंही होतं. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी निर्धास्त होऊ नकोस.

फेनिटॉइन बंद करायचंच, पण तेवढं कागदावर लिहून निघून यायचं नाही. त्यांच्या रजिस्ट्रारला गाठून बोल. फिट येऊ नये म्हणून ते दुसरं काहीतरी लगेच सुरू करणार, आणि हाताशी कार्बामाझेपिन किंवा फिनोबार्बिटोन असतं. ही तिन्ही एकाच घरातली, एकाने अंग भडकलं तर दुसऱ्यानेही भडकू शकतं. लेव्हेटिरासिटॅम चालेल का, ते त्यांना विचार. ही गोष्ट त्या वॉर्डात तुझ्याखेरीज दुसरं कुणी बोलेल, याची मला खात्री नाही.

मी पहिल्या वर्षाला असतानाची एक गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही. संध्याकाळी मेडिसिनच्या वॉर्डातून कॉल आला होता, 'अंगावर पुरळ, कृपया बघावे'. पन्नाशीच्या बाई, चेहऱ्याच्या एका बाजूला कळा यायच्या म्हणून पंधरा दिवस कार्बामाझेपिन. वॉर्डात पिवळा बल्ब, माझे आणखी पाच कॉल बाकी. मी कॉटच्या पायथ्याशी उभी राहून त्यांचे हात बघितले, पदर जरासा सरकवून छाती बघितली आणि लिहून मोकळी झाले. त्या म्हणाल्या होत्या, "खाज नाही हो, आग होतेय. डोळ्यांत खडे गेल्यासारखं वाटतंय." मी ते ऐकलं आणि लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलेही नाही, कारण कॉल 'बघून झाला' होता.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. सिस्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं, तेव्हा पाठीची कातडी चादरीला चिकटून निघाली. कार्बामाझेपिन तोवर चालूच होतं. त्या वाचल्या. पण पापण्या आतून डोळ्याला चिकटत गेल्या आणि नजर अधू झाली. पुढे कितीतरी वर्षं त्या ओपीडीत यायच्या, मुलीचा हात धरून, आणि बाकावर बसल्या बसल्या माझ्या मुलाची चौकशी करायच्या. त्यांच्या त्या मायेला मी कधी नीट उत्तर देऊ शकले नाही.

म्हणून सांगते, पेशंट 'खाज' म्हणत नसेल आणि 'आग' किंवा 'दुखतं' म्हणत असेल, तर तिथेच थांब. डोळे, ओठ, तोंडाच्या आत आणि लघवीची जागा, चारही ठिकाणं बघितल्याशिवाय त्या कॉटपासून हलू नकोस. पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. त्या मापाने सुटलेली आणि सुटू पाहणारी कातडी मोज. १० टक्क्यांच्या आत असेल तर स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० च्या वर गेली तर त्याच आजाराचं जास्त गंभीर रूप, टेन, मधलं दोन्हींच्या सीमेवरचं. डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलाव, डोळे लाल व्हायची वाट बघू नकोस.

आणि औषधांची तारीखवार यादी तू स्वतः कर. केसपेपरवर असतं तेवढंच पेशंटच्या पोटात गेलेलं असतं, असं नाही. गावच्या डॉक्टरांनी दिलेली पुडी, मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, युरिक ॲसिडसाठी शेजाऱ्याने सुचवलेलं ॲलोप्युरिनॉल, हे सगळं दोनदा विचारल्यावरच बाहेर येतं. पहिल्यांदा विचारलं की सगळे "काही नाही" म्हणतात.

आता बघण्याबद्दल. आपण शिकलो त्या बहुतेक पुस्तकांतले फोटो गोऱ्या कातडीचे. आपल्याकडच्या सावळ्या अंगावर लाली जांभळट दिसते, कधी करडी, आणि कधी दिसतच नाही, फक्त हाताला गरम लागते. दिवसा जा. मोबाइलचा टॉर्च वापर, पण खिडकीचा उजेड मिळाला तर तो घे. काचेची स्लाइड खिशात ठेव, दाबून रंग जातो की राहतो ते बघायला. पडदा ओढ, सिस्टरांना सोबत घे, पेशंटला विचार आणि मग पांघरूण बाजूला कर. सगळं. पाठ, काखा, स्तनांखालची घडी, जांघा, बोटांच्या बेचक्या, टाळू.

हा नुसता काटेकोरपणा नाही. पावसाळ्यानंतर तापाचे पेशंट येतात, प्लेटलेट उतरलेल्या, डेंगी निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, आणि आपल्याला कॉल येतो तो अंगावरच्या पुसट पुरळासाठी. पुरळात काही नसतं. पण जांघेत किंवा काखेत सिगारेटचा चटका बसावा तसा एक काळा खपला असतो, भोवती लालसर कडा, आणि तो दुखत नसल्यामुळे पेशंटलाही माहीत नसतो. स्क्रब टायफस हा ताप पसरवणारा बारीक किडा तिथे चावलेला असतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या भागात ही साथ आली, तेव्हा पुष्कळांनी हा आजार पहिल्यांदा बघितला. डॉक्सीसायक्लिन वेळेत सुरू झालं, तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. तो खपला शोधायला कुठलंही मशीन लागत नाही, नाडीचा पायजमा खाली करावा लागतो.

सर्जरीच्या वॉर्डातला 'न भरणारी जखम, शुगरचा पाय' असा कॉल आला, तर बधिरपणा तपासायला कापसाचा बोळा घेऊन जा. शुगर असेलही, पण जखमेपुरतं थांबू नकोस. भुवया बाहेरच्या बाजूने विरळ झाल्यात का, कानाच्या पाळ्या जाड लागतात का, अंगावर कुठे बधिर फिकट चट्टा आहे का, ते बघ. त्याचा हात आपल्या हातात घे आणि कोपरामागची नस चाचप, मग गुडघ्याच्या बाहेरची. तो कुष्ठरोगही असू शकतो. डिसेंबर २००५ मध्ये देशात कुष्ठरोग्यांचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं आणि 'निर्मूलन' जाहीर झालं. त्यानंतर हा रोग पुष्कळ डॉक्टरांच्या मनातून गेला. पेशंटच्या अंगातून गेला नाही. निदान झालं तर ते कॉटभोवती दहा नातेवाईक असताना सांगू नकोस. त्याला वेगळं बसव, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं हे आधी सांग, आणि बोलताना त्याच्या हातावरचा हात काढू नकोस.

एक विनंती आहे. वॉर्डात तुला नागिणीवर काव फासलेली दिसेल, पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी चोळलेलं दिसेल. रागावू नकोस. रागावलीस की पुढच्या वेळी ते लपवतील. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, या भीतीने आजी रात्रभर जागी असते. नागीण एका बाजूच्या एकाच नसेवरून जाते आणि सहसा मध्यरेषा ओलांडत नाही, हे आजीच्या पाठीवर बोट फिरवून दाखव. आमसुलापेक्षा मला धास्ती वाटते ती गजकर्णावर लावलेल्या मेडिकलच्या ट्यूबची, ज्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. नाव विचारून कळत नाही, घरून ती ट्यूबच आणायला सांग.

मलम लिहिताना किती आणि कोण लावणार, ते लिही. पाठीला आपला हात पोचत नाही, आणि एकट्याने ॲडमिट असलेल्या म्हाताऱ्याला मलम लावायला कुणी नसतं. वॉर्डातल्या मावशींशी बोल, त्या लावतात. मी सांगितलं म्हणून नव्हे, तू नीट विचारलंस म्हणून लावतील.

तर उद्या राउंडच्या आधी त्या मुलाकडे जा. परवाही जा. सूज कालच्यापेक्षा वाढली का, हे काल बघितलेल्यालाच कळतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. लिव्हरचे आकडे हातात आले की, कितीही वाजले असोत, मला फोन कर. स्टेरॉइडचं तेव्हा ठरवू. आणि त्याच्या आईला एका कागदावर फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन ही तीन नावं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दे, पुन्हा कधीही द्यायची नाहीत म्हणून. खाली तारीख घाल, सही कर. तो कागद आधार कार्डाबरोबर ठेवायला सांग.

बाकीच्या दहांपैकी कुणाचं पांघरूण काढायचं राहिलं असेल, तर त्यांच्याकडेही जाऊन ये.

तुझी,
मॅडम