जनावरांमध्ये काम करणाऱ्यांना त्यांचे परजीवी लागतात का?
हो, लागतात, पण जनावराला नुसता हात लावल्याने क्वचितच. खरी वाट म्हणजे शेणाचा हात तोंडाकडे जाणं. सगळ्यात सांभाळून राहायचं ते हगवण लागलेल्या लहान वासरापाशी. त्याच्या पातळ शेणात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा, हगवण लावणारा सूक्ष्म परजीवी असू शकतो आणि तो सॅनिटायझरला दाद देत नाही. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, नखांच्या कडांसकट हात चोळून धुवा. गमबूट गोठ्यातच काढा.

मांजराची विष्ठा रोज उचला, कारण त्यातल्या टोक्सोप्लाझ्माला (गर्भाला अपाय करू शकणारा सूक्ष्म परजीवी) संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस लागतात. गर्भवतीने ते काम दुसऱ्याकडे द्यावं.

आणि कत्तलखान्यात असाल तर पाण्याचे फोड आलेलं यकृत किंवा फुप्फुस कुत्र्यापुढे कधीच टाकू नका. हायडॅटिड, म्हणजे हे फोड करणारा पट्टकृमी, तिथूनच कुत्र्यात आणि मग माणसात येतो.