इमेज सर्चचा प्रोजेक्ट जुना झाला आहे का?

प्रश्न : मी सोलापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर शाखेच्या तिसऱ्या वर्षात आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आमच्या गाईड सरांनी ‘वेबपेजवरील मजकूर आणि रचना वापरून इमेज सर्च सुधारणे’ हा विषय सुचवला आहे. मैत्रिणी म्हणतात की आता एआय मॉडेल चित्र थेट ओळखते, त्यामुळे या विषयात काही राहिलेले नाही. यातून नोकरी मिळणार का, असे बाबा विचारतात. विषय घ्यावा की बदलावा? पुढे एम.टेक. करायचे झाल्यास तयारी कशी करावी?

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनीस,

विषय बदलू नकोस. तुझ्या मैत्रिणींचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागातच तुझ्या प्रोजेक्टचे खरे काम आहे.

गुगलने जुलै २००१ मध्ये इमेज सर्च सुरू केले, तेव्हा चित्र कशाचे आहे हे ठरवण्यासाठी मुख्य आधार शब्दांचाच होता. फाइलचे नाव, चित्राला जोडलेला ऑल्ट मजकूर (चित्राऐवजी वाचता येणारे त्याचे शब्दांतले वर्णन), खालची ओळ, शेजारचा परिच्छेद आणि पानाचे शीर्षक यांवरून अंदाज बांधला जाई. आज परिस्थिती बदलली आहे हे निर्विवाद. परंतु ती कशामुळे बदलली, हे पाहण्यासारखे आहे. ओपनएआयचे क्लिप हे मॉडेल जानेवारी २०२१ मध्ये आले, ते इंटरनेटवरून गोळा केलेल्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकवलेले होते. त्याच वर्षी गुगलच्या संशोधकांनी अलाइन हे मॉडेल एक अब्जाहून अधिक चित्रे आणि त्यांचा ऑल्ट मजकूर घेऊन घडवले. २०२२ मधील लायन-५बी या संग्रहात ५.८५ अब्ज जोड्या होत्या, आणि त्या कॉमन क्रॉल या वेबपेजांचा खुला साठा करणाऱ्या संस्थेने साठवलेल्या वेबपेजांमधील इमेज टॅग व त्यांचा ऑल्ट मजकूर वेचूनच मिळवलेल्या होत्या. चित्र ‘थेट’ ओळखणाऱ्या या मॉडेलांची ओळखण्याची ताकद वेबपेज लिहिणाऱ्या माणसांच्या शब्दांतूनच आलेली आहे. गुगलच्या आजच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही चित्राचा विषय समजण्यासाठी ऑल्ट मजकूर, पानावरील मजकूर आणि कॉम्प्युटर व्हिजन (चित्र पाहून ओळखण्याचे तंत्र) या तिन्हींचा एकत्र वापर होतो, असेच म्हटले आहे.

एक उदाहरण घेऊ. समज, ‘रायगड जिल्हा : पर्यटन’ अशा शीर्षकाचे एक पान आहे. त्यावर अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा फोटो आहे, फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेले आहे, ऑल्ट मजकूर रिकामा आहे आणि फोटोखाली ‘ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ला, अलिबाग’ अशी ओळ आहे. पानभर ‘रायगड’ हा शब्द वारंवार येतो आणि ‘किल्ला’ हाही येतो. पूर्ण पानाचा मजकूर फोटोला चिकटवणारी साधी पद्धत वापरली, तर ‘रायगड किल्ला’ असे शोधणाऱ्याला महाडजवळच्या डोंगरी राजधानीऐवजी समुद्रातला हा किल्ला वर दिसेल. चित्र पाहणारे मॉडेल ही चूक पकडू शकेल, कारण पाणी आणि डोंगर यांतला फरक त्याला कळतो. पण हा कुलाबा की मुरुडचा जंजिरा, हे मात्र त्याला खात्रीने सांगता येईलच असे नाही. दोन्ही एकाच जिल्ह्यातले जलदुर्ग आहेत, दोन्हींचे दगड काळे आहेत. वस्तूचा प्रकार चित्रावरून कळतो. तिचे नाव, गाव आणि काळ बहुतेक वेळा शेजारच्या मजकुरावरूनच कळतो. लोक शोधताना नाव टाकतात, हे ध्यानात ठेव.

आता प्रश्न येतो तो ‘शेजारचा मजकूर’ नेमका कोणता हा, आणि तुझ्या विषयातला ‘रचना’ हा शब्द इथेच महत्त्वाचा ठरतो. एचटीएमएलच्या सोर्समध्ये दोन ओळींच्या अंतरावर असलेला मजकूर पडद्यावर दुसऱ्याच रकान्यात असू शकतो, आणि दूर लिहिलेला मजकूर फोटोच्या अगदी खाली दिसू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या बीजिंग येथील संशोधकांनी २००३ मध्ये व्हिप्स नावाची पद्धत मांडली. पान डोळ्यांना जसे तुकड्यातुकड्यांत दिसते तसे त्याचे तुकडे पाडायचे, अशी ती पद्धत. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच तुकड्यांतला मजकूर आणि दुवे वापरून इमेज सर्चचे निकाल गटवार लावून दाखवले. हे दोन्ही शोधनिबंध तू आधी वाच. त्यानंतर स्वतः एक सोपी पद्धत बांध: इमेज टॅगपासून सुरुवात करून पानाच्या वृक्षात (एकात एक बसवलेल्या टॅगांच्या मांडणीत) एकेक पायरी वर चढायचे आणि ज्या घटकात दुसरे चित्र सापडेल तिथे थांबायचे. तोवर गोळा झालेला मजकूर त्या चित्राचा, आणि त्यावरचे सर्वांत जवळचे शीर्षकही त्याचेच. फिगकॅप्शन हा चित्राच्या ओळीसाठीचा टॅग असेल तर त्याला सर्वाधिक वजन द्यायचे, मेनू, तळपट्टी आणि ‘हेही वाचा’ या चौकटीतल्या मजकुराला शून्य. अनेक पानांवर चित्र उशिरा लोड होते, त्यामुळे मुख्य पत्त्यात कोरे चित्र आणि खरा पत्ता दुसऱ्याच अ‍ॅट्रिब्यूटमध्ये असतो. ही गोष्ट सुटली, तर गोळा केलेल्या संग्रहात कोऱ्या चौकोनांची भर पडेल.

माझा आग्रह आहे की हा प्रोजेक्ट मराठी पानांवर कर. इंग्रजीत या विषयावर भरपूर काम झाले आहे. मराठीत करण्यासारखे बरेच आहे, आणि अडचणी तितक्याच खऱ्या आहेत. ‘किल्ला’, ‘किल्ल्याचा’, ‘किल्ल्यावरून’ ही रूपे एकत्र आणणारे स्टेमिंग नसेल, तर अर्धे निकाल हातून निसटतील. ‘दऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवला जातो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणक त्यांना वेगळे शब्द समजतो. त्यामुळे इंडेक्स करण्यापूर्वी सर्व मजकूर एकसारखा करून घेणे अटळ आहे. मराठी विकिपीडियाचा संपूर्ण साठा उतरवून घेता येतो आणि तो खुल्या परवान्याखाली आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी. मात्र तिथली पाने नीटनेटकी असतात, त्यामुळे जिल्ह्यांच्या शासकीय संकेतस्थळांसारखी अव्यवस्थित पानेही घे, आणि त्यांच्या रोबोट्स फाइलमधील (कोणती पाने आपोआप गोळा करू नयेत हे सांगणाऱ्या) सूचना पाळूनच घे.

परीक्षकांसमोर ‘आमची पद्धत चांगली आहे’ एवढे सांगून भागणार नाही. साधारण पन्नास प्रश्न, म्हणजे लोक शोधताना टाकतील असे शब्द, निवड, प्रत्येकासाठी पहिल्या दहा चित्रांना तुझ्या गटातील दोघांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत, आणि दोघांचे किती जुळले तेही मोजावे. मग पूर्ण पानाचा मजकूर, फक्त फाइलचे नाव व ऑल्ट, रचनेनुसार वजन दिलेला मजकूर, आणि शेवटी त्याच्या जोडीला क्लिपसारखे मॉडेल, अशा चार पद्धतींची तुलना कर. चौथी पद्धत तिसरीपेक्षा कुठे सरस ठरते आणि कुठे काहीच भर घालत नाही, याची चार पाने प्रामाणिकपणे लिहिलीस, तर मैत्रिणींच्या शंकेला पुराव्यानिशी उत्तर मिळेल. हे काम कष्टाचे आहे. मजकूर साफ करण्यात महिने जातात, आणि ज्याला त्याचा कंटाळा आहे त्याने हा विषय घेऊ नये, असेच मी सांगेन.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे द्यायला हवे. कॅम्पसवर येणाऱ्या बहुतेक कंपन्या इमेज सर्चबद्दल विचारणार नाहीत, त्या डेटा स्ट्रक्चर, एसक्यूएल आणि प्रोग्रामिंग विचारतील, आणि ती तयारी प्रोजेक्ट कोणताही घेतलास तरी करावीच लागेल. पण या प्रोजेक्टमध्ये तू जे शिकशील, ते सर्चचे, म्हणजे इन्फर्मेशन रिट्रीव्हलचे काम आहे. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांमध्ये वस्तूचा फोटो, तिचे शीर्षक आणि तपशिलाचा तक्ता जुळवून निकाल लावणारे इंजिनिअर असतात, आणि त्यांचे रोजचे काम तुझ्या विषयाच्या फार जवळचे आहे. वृत्तसंस्थांचे फोटोसंग्रह आणि डिजिटल ग्रंथालये यांनाही हेच कौशल्य लागते. एक क्षेत्र मात्र विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटते, ते म्हणजे ॲक्सेसिबिलिटीचे, म्हणजे दिव्यांगांना संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीच्या कामाचे. ऑल्ट मजकूर मुळात दृष्टिहीन वाचकासाठी महत्त्वाचा असतो, कारण स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतो. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुख्यपृष्ठे तपासते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पानांवर ऑल्ट मजकूर नसलेले चित्र तिला सापडत आले आहे. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ लागू आहे, त्यामुळे या कामाची गरज वाढतच जाणार. एसइओची (सर्च इंजिनमध्ये पान वर आणण्याची) कामेही मिळतात, पण ते क्षेत्र वेगळे आहे. त्यात पान वर आणण्याची कला आहे, निकाल लावणारी यंत्रणा बांधण्याचे शास्त्र नाही. तुझा कल यंत्रणा बांधण्याकडे असेल, तर त्या वाटेला घाईने जाऊ नकोस.

एम.टेक.साठी गेट परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते. कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरसोबत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपरही आहे. त्यात संभाव्यता आणि रेषीय बीजगणित यांवर भर आहे, म्हणून त्या दोन विषयांची उजळणी या सुट्टीतच सुरू कर. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आणि हैदराबादची ट्रिपल आयटी स्वतःच्या प्रवेश परीक्षा घेतात, आणि दोन्ही ठिकाणी सर्चवर संशोधन होते. आयआयटी मुंबईत भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. भारतीय भाषांतील शोधाची कसोटी घेणारा फायर हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या पहिल्याच वर्षी मराठीचा संग्रह होता. त्याचे प्रश्न आणि गुणांकनाची पद्धत तुझ्या पन्नास प्रश्नांसाठी नमुना म्हणून वापरता येईल. सरांकडे विषयाला होकार कळवताना सोबत पहिल्या दहा प्रश्नांची यादी आणि शंभर पानांचा लहान संग्रह घेऊन जा, म्हणजे व्याप्ती किती ठेवायची हे तिथेच ठरेल.